सूज उतरेपर्यंत

आपण मरत नाही, हे कळल्यावर बिसनलालला आधी आठवलं ते हे, की फाटकापाशी आपण बोलून बसलो. डॉक्टरचा हात अजून त्याच्या उजव्या बरगडीखालीच होता. जाड बोटांचा, कोरडा हात. "लंबी साँस लो," असं डॉक्टर म्हणाला होता. बिसनलालनं श्वास आत ओढायला घेतला आणि तो अर्ध्यातच अडला, पुढे जाईना, मागे येईना. डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरनं मान हलवली, त्याला हवं होतं तेच झाल्यासारखी. "दिल-विल कुछ नहीं है, काका. हृदयाची पट्टी एकदम नॉर्मल आहे. पित्ताची थैली सुजली आहे तुमची. पथरी असणार आत. सोनोग्राफीत दिसेलच." खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली त्याची बायको प्रेमिला हे ऐकून मटकन स्टुलावर बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली, पुन्हा पुन्हा, जणू तोंडावर काही सांडलं होतं. बिसनलाल तिच्याकडे पाहत राहिला. तिला काय ऐकू आलं होतं? ती खूश होती, हे उघड होतं. पण ती खुशी किती खोल होती, तिच्याखाली दुसरं काही होतं का, हे त्याला पाहायचं होतं, आणि ती तोंड पुसायची थांबत नव्हती.

आदल्या दिवशी गावची मंडई होती. दिवाळीनंतरच्या त्या जत्रेच्या गर्दीत त्यानं दोघा-तिघांच्या आग्रहाला बळी पडून वडे खाल्ले, घरी पाहुण्यांसोबत तेलाचा तवंग असलेली भाजी खाल्ली, आणि संध्याकाळी पोटाच्या वरच्या खड्ड्यात काहीतरी पिळायला लागलं. सकाळपर्यंत ते उजव्या खांद्याच्या पात्यात शिरलं होतं, छातीत भरलं होतं. दोनदा हिरवी उलटी झाली. त्याचा बाप बावन्नाव्या वर्षी बांधावर छाती धरून बसला होता आणि बसल्या जागी गेला होता. बिसनलालला बावन्नावंच लागलं होतं. त्यामुळे हिशेब त्याच्या मनात आपोआप जुळला आणि शेजारच्या केवळरामच्या जीपमध्ये मागच्या बाकावर पडल्या पडल्या त्यानं तो मान्यही करून टाकला. गोंदियाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. केवळराम उतरून गेटमनशी हुज्जत घालायला गेला. मालगाडी येत होती. बिसनलालचं डोकं प्रेमिलाच्या मांडीवर होतं आणि त्याला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. तो म्हणाला, "रुचिचं पत्र आलं होतं. नर्सिंगचं. नंबर लागला होता तिचा. मी तिले देल्लं नाई." तो बोलत असतानाच इंजिन पुढून गेलं आणि मागचे डबे सुरू झाले, धडधड, धडधड, संपेचनात. प्रेमिलानं त्याच्या कपाळावरचा हात काढला नाही. गाडी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "बोलू नका. गप ऱ्हा." हे वाक्य तो नंतर दीड महिना उलटंपालटं करून पाहणार होता. दुखणाऱ्या माणसाला कुणीही म्हणेल तसं ती म्हणाली होती. आणि ज्याचं तोंड पुन्हा पाहू नये असं वाटतं त्याला म्हणावं, तसंही.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. पोटावर गार, चिकट काहीतरी ओतलं गेलं. तरुण डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणत होता, डावीकडे वळा, श्वास रोका, सोडा. ते यंत्र बरगडीखाली दाबलं की जीव कासावीस व्हायचा. डॉक्टर शेजारच्या मुलीला आकडे सांगत होता. थैलीची भिंत जाड झाली होती, आजूबाजूला पाणी जमलं होतं, आणि एक खडा थैलीच्या मानेत जाऊन अडकला होता. "बघा काका, हा," त्यानं पडदा थोडा वळवला. करड्या धुक्यात एक पांढरा ठिपका होता आणि त्याच्या मागे लांब काळी सावली पडली होती. बिसनलालनं विचारलं, हे कधीपासून आहे? "वर्षानुवर्षं असू शकतं," डॉक्टर म्हणाला. "त्रास दिला नाही तर कळतही नाही." बिसनलालला उगीच अपराध्यासारखं वाटलं आणि त्यानं मान दुसरीकडे वळवली.

दुपारी त्यांची मुलगी रुचि आली. तिचं सासर तिरोड्याकडे. जावई उमेंद्रनं मोटारसायकलवरून आणून सोडलं आणि खळ्यावर धान चुरायला ट्रॅक्टर लावलेला आहे म्हणून तसाच परत गेला. पाच दिवस रुचि वॉर्डात राहिली. तोंडानं पाण्याचा थेंब नाही, सलाईन, आठ-आठ तासांनी इंजेक्शनं, दुखणं वाढलं की वेगळं इंजेक्शन. प्रेमिला खाटेच्या डाव्या बाजूला बसायची आणि रुचि उजव्या. दुसऱ्या दिवशी त्याचा सुई लावलेला हात जड झाला. त्यानं काही म्हटलं नाही. रुचिनं सुईच्या वरची जागा बोटानं दाबून पाहिली, सलाईनची चाकी फिरवून बंद केली आणि सिस्टरला बोलावून आणलं. सलाईन शिरेबाहेर उतरत होतं. सिस्टर केरळकडची, मोडक्या हिंदीत बोलणारी. दुसऱ्या हातावर सुई लावताना तिनं रुचिला विचारलं, "आप भी सिस्टर हो? किधर किया ट्रेनिंग?" रुचि हसली. "नहीं सिस्टर. फॉर्म भरा था. नंबर नहीं लगा." अगदी सहज म्हणाली, बसमध्ये जागा मिळाली नाही असं सांगावं तशी. बिसनलालनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांआडून तो प्रेमिलाच्या बाजूला कान लावून होता. ती खोकली. बांगड्या वाजल्या.

नंबर नाही लागला, हे शब्द त्याचे होते. आठ वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, अंगणात पाय धुताना त्यानं ते उच्चारले होते. गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या एका सरकारी कचेरीत तो आवक-जावक पाहायचा. येणारी प्रत्येक चिठ्ठी त्याच्या टेबलावर आधी यायची. तो लिफाफा फोडायचा, तारखेचा शिक्का मारायचा, नोंदवहीत ओळ घालायचा आणि पुढे पाठवायचा. गावात पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा म्हणून रुचिनं फॉर्मवर बापाच्या कचेरीचा पत्ता घातला होता. नागपूरच्या कॉलेजचा पिवळा लिफाफा आला तेव्हा त्यानं सवयीनं शिक्का उचललाही होता, मग नाव वाचून खाली ठेवला. लिफाफा सदऱ्याच्या खिशात गेला आणि चार दिवस तिथेच राहिला. पत्र द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं का? नाही, तो मनाशी म्हणायचा, आपण तसं कधीच ठरवलं नाही. त्याचा मोठा भाऊ हिरालाल त्या आठवड्यात दोनदा येऊन गेला होता. नर्सबाई केली पोरगी तं कोन लगीन करंल, कोना-कोनाच्या आंगाले हात लावा लागते, ड्यूटी कराव लागते, आन् तिरोड्याचं स्थळ तं हातात आहे, असं तो म्हणाला होता. बिसनलालनं त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर हिरालालच्या बोलण्यापेक्षा त्याला दुसऱ्याच गोष्टीचं भय होतं. तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा रुचि दारात असायची. कचेरीत आज काय झालं हे विचारणारी त्या घरात ती एकटीच होती. नागपूर म्हटलं की त्याला ते रिकामं दार दिसायचं, आणि मग तो म्हणायचा, उद्या देऊ. उद्या सकाळी देऊ. चौथ्या दिवशी प्रवेशाची तारीख निघून गेली. तारीख निघून गेल्यावर त्याला हलकं वाटलं, हे त्याला आठवत होतं. आणि ते हलकं वाटणं आता सर्वांत जास्त सलत होतं. नंबर नाही लागला असं त्यानं सांगितलं. रुचिनं त्याच्या हातातला पाण्याचा रिकामा गडवा घेतला आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर धानाच्या रोवणीला जायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं.

पाचव्या दिवशी ताप उतरला, दुखणं बोटानं दाखवता येईल एवढ्याशा जागेत येऊन बसलं. डॉक्टरनं दोघी मायलेकींना समोर उभं करून समजावलं. खडा मानेत अडकला, पित्त तुंबलं, त्यानं थैली सुजली. आता औषधानं आग शमली आहे, पण थैली आत चिकटून बसली आहे; अशा सुजेत हात घातला तर रक्त जाईल, नळीला इजा होईल. "सूजन उतरने दो. सहा आठवड्यांनी या, थैली काढून टाकू. दुर्बिणीतून झालं तर ठीक, नाही तर पोट उघडावं लागेल. तोवर तेल-तूप बंद. दुखलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर एक घंटा थांबू नका." मग त्यानं प्रेमिलाला बाजूला नेलं आणि हळू आवाजात आणखी काही सांगितलं. बिसनलालला खाटेवरून फक्त तिची हलणारी मान दिसली.

सहा आठवडे. कचेरीतून रजा घेतलेली, बाहेर सगळ्या गावाचं धान खळ्यावर आलेलं, ट्रॅक्टरची घरघर दिवसभर, हवेत भुशाची खाज, आणि तो माजघरात खाटेवर. प्रेमिला बडबडी बाई होती. तीस वर्षं तिच्या बोलण्याची त्याला इतकी सवय होती, की तो ते ऐकतही नसे. आता ती बोलायची थांबली. उकडलेला दुधी, बिनतेलाचं वरण, मऊ भात, ताट ठेवायची आणि समोर बसून राहायची. तो खात असताना त्याच्या तोंडाकडे पाहायची. काय पाहून राहिली, असं एकदा त्यानं विचारलं, तर "काई नाई, जेवा," म्हणाली. त्याला खात्री होऊ लागली, की तिनं ऐकलं आहे. दुसऱ्या दिवशी ती पाठ चोळून देताना हलक्या हातानं खांद्याचं पातं दाबायची आणि त्याला खात्री व्हायची, की ऐकलेलं नाही. विचारायचं कसं? विचारणं म्हणजे पुन्हा सांगणं, आणि दुसऱ्यांदा सांगायला आता मरण जवळ नव्हतं. कधी त्याला वाटायचं, ती योग्य वेळेची वाट पाहत आहे. ऑपरेशन होऊ द्या, मग पाहते, असं काहीतरी. दर रविवारी रुचि यायची, चार वर्षांची पोर कडेवर घेऊन. आल्या आल्या त्याला उजेडात नेऊन डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायची, लघवीचा रंग विचारायची, तो लाजायचा. मग दोघी स्वयंपाकघरात जायच्या आणि तिथून भांड्यांच्या आवाजात कुजबुज ऐकू यायची. तो उठून भिंतीशी जाऊन उभा राहायचा. एकदा प्रेमिलाचं रडणं ऐकू आलं आणि रुचि म्हणत होती, "माय, तू कायले घाबरते? मी आहो नं." तो परत येऊन खाटेवर बसला. काय आहे, कशाची भीती, कुणाला? घरातल्या दोन बायका आपल्याविषयी एक गोष्ट जाणतात आणि आपल्याला उकडलेला दुधी खाऊ घालतात, असं ते घर झालं.

गावातला सुखराम त्याला भेटायला आला होता. त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. भूल उतरताना आपण काय काय बरळलो ते तो हसत सांगत होता. साऱ्या घरादाराला शिव्या घातल्या म्हणे, सासऱ्याला तर नावानं. सगळे हसले. बिसनलालनं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. शुद्धीवर येताना आपल्या तोंडून ते निघालं तर? डॉक्टरसमोर, त्या केरळच्या सिस्टरसमोर, रुचिसमोर, आणि आपल्याला ठाऊकही नसेल. पाचव्या आठवड्यात एका सकाळी बरगडीखाली पुन्हा पिळल्यासारखं झालं. तो परसात जाऊन भिंतीला पाठ लावून तासभर बसला, ओठ चावत, आणि घरात येऊन म्हणाला, बरं वाटते आज. सांगितलं असतं तर लगेच नेलं असतं. त्याला आणखी आठ दिवस हवे होते. कशासाठी, हे त्याला कळत नव्हतं. चार दिवस खिशात लिफाफा घेऊन फिरताना जसं कळत नव्हतं, तसंच.

भरती व्हायच्या दिवशी दुपारी त्याच वॉर्डात त्याला खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. रुचि पिशवीतले रिपोर्ट तारखेनं लावत होती. प्रेमिला चादर खोचत होती. उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता आणि बाजूच्या खाटेवरचा म्हातारा झोपला होता. बिसनलाल म्हणाला, "रुचि, बस इथं." ती बसली. त्यानं प्रेमिलाकडे पाहिलं, तिला ठाऊक असलेलंच तिच्यासमोर सांगत असल्यासारखं, आणि म्हणाला, "तुही माय तं जाणते. फाटकापाशी सांगितलं होतं मी तिले. आता तुले सांगतो. तुहा नंबर लागला होता. नागपूरचं पत्र माह्या हातात आलं होतं. चार दिवस माह्या खिशात होतं. मी देल्लं नाई. तारीख निंगून गेली, तरी बोल्लो नाई."

रुचि हातातल्या रिपोर्टकडे पाहत राहिली. पण आवाज दुसऱ्या बाजूनं आला.

"काय म्हटलं तुमी?"

प्रेमिला चादरीचं टोक धरून उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि बिसनलालला कळलं. तिनं काहीही ऐकलेलं नव्हतं.

"फाटकापाशी... मी बोल्लो होतो तुले," तो म्हणाला.

"तुमी ओठ हलवून राहिले होते. गाडी चालली होती. मले वाटलं, देवाचं नाव घेऊन राहिले." तिचा आवाज चढला नाही. "डॉक्टरनं मले म्हटलं होतं, थैली सडू शकते, फुटू शकते, जीव जाऊ शकते. त्याहीले सांगू नका, जिवाले लावून घेतीन. सहा हप्ते मी तोंड शिवून बसली. तुमचे घास मोजत बसली. आन् आठ वर्सं त्या कॉलेजवाल्यायले शिव्या देऊन राहिली मी. रोवणीत पोरीच्या पायाले चिखल्या झाल्या, तवा बी त्याहीलेच देल्ल्या."

"माय," रुचि म्हणाली.

"तू नको बोलू." तिनं चादरीचं टोक सोडलं, नीट न खोचताच. "ऑपरेशन होयेपर्यंत मी बाहेर बसतो. डॉक्टर म्हनंल का मानूस वाचला, मंग मी घरी जातो." ती बाहेर गेली आणि व्हरांड्यातल्या बाकावर दाराकडे पाठ करून बसली. सहा आठवडे ज्या गप्प बाईची तो धास्ती घेत होता, ती त्याच्या जिवाला घाबरून गप्प होती. आणि आता कुठे तिचं खरं गप्प बसणं सुरू झालं होतं. रुचिनं उरलेले रिपोर्ट लावले. मग उठून अर्धवट राहिलेली चादर खोचली. संध्याकाळी सिस्टरनं संमतीचा कागद आणला तेव्हा नातेवाइकाच्या जागी सही रुचिनं केली. सही करण्याआधी तिनं तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

दुर्बिणीतून झालं नाही. थैली आतड्याला चिकटलेली होती, पोट उघडावं लागलं, दोन तास गेले. हे त्याला नंतर कळलं. शुद्ध आली तेव्हा घसा कोरडा होता, पोटाच्या कडेनं एक रबरी नळी बाहेर आलेली होती, आणि खाटेशी रुचि एकटी होती. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "मी काई बोल्लो का?"

"नाई. पानी मांगत होते."

"तुही माय?"

"गेली. डॉक्टरनं बाटलीत खडे दाखवले तिले. एक बोराच्या बीएवढा, बाकी बारीक. पाह्यले तिनं, डॉक्टरले नमस्कार केला आन् दोन वाजताच्या बसनं गेली." त्याच्या ओठांना ओला कापूस लावत ती म्हणाली, "तिले जाऊ द्या. तिच्या मनात येईन तवा येईन."

प्रेमिला तिसऱ्या दिवशीही आली नाही. केवळरामच्या हाती धुतलेले कपडे आणि पातळ भाताचा डबा आला, निरोप नव्हता. रुचि सगळं करत होती. नळीतून आलेलं पाणी मोजून कागदावर लिहायची, टाक्यांवर उशी धरून त्याला खोकायला लावायची, तोंड पुसायची. तिचे हात नेहमीसारखेच होते. तेच त्याला सोसत नव्हतं. तिनं एखादं भांडं आपटलं असतं, पोरीला घेऊन सासरी निघून गेली असती, तर त्याला कुठेतरी टेकायला जागा झाली असती. त्याला म्हणावंसं वाटायचं, काहीतरी बोल. आणि लगेच वाटायचं, ते म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरनं चालायला सांगितलं. रुचिनं नळीची पिशवी त्याच्या हातात दिली, काखेखाली हात घातला आणि दोघं व्हरांड्यातून निघाली, एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. खिडक्यांतून जानेवारीचं ऊन येत होतं. खाली रस्त्यावर तांदळाच्या पोत्यांचा ट्रक मागे घेत होते. टोकाच्या खिडकीशी पोचल्यावर तो दम घ्यायला थांबला.

"कागद काय केला?" रुचिनं विचारलं. ती बाहेर पाहत होती.

"फाडला. कचेरीतच. टोपलीत टाकला."

"कवा?"

"तारीख निंगून गेल्यावर. दुसऱ्या दिवशी."

"वाचला होता पूरा?"

"हो."

"किती येळा?"

त्यानं मान खाली घातली. "लय येळा."

"मंग सांगा," ती म्हणाली. "काय लिव्हलं होतं?"

आधी त्याला वाटलं, जमणार नाही. मग त्यानं तोंड उघडलं आणि ते कचेरीतल्या आवाजात, एकेका शब्दावर थांबत, बाहेर येऊ लागलं. "कुमारी रुचि बिसनलाल पटले. तालुका गोरेगाव, जिल्हा गोंदिया. विषय, परिचर्या अभ्यासक्रमास प्रवेश देण्याबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, गुणवत्ता यादीत आपली निवड अनुक्रमांक एकवीसवर झालेली आहे. तरी आपण दिनांक सतरा ऑगस्ट दोन हजार एक रोजी सकाळी अकरा वाजेपर्यंत मूळ कागदपत्रांसह स्वतः उपस्थित राहावे. मुदतीनंतर कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही."

रुचिचे ओठ हलले. एकवीस, असं ती म्हणाली असावी. तिचा हात अजून त्याच्या काखेखालीच होता आणि त्याचं सगळं वजन तिच्यावर होतं. ट्रक निघून गेला.

"परत म्हना," ती म्हणाली. "हळू म्हना."

त्यानं पुन्हा तिच्या नावापासून सुरू केलं.